दहाच्या खाली फांदी नाही

आमच्या उपकेंद्राच्या दारात दोन पाट्या होत्या. एक सरकारी, निळ्या अक्षरांची. तिच्यावरचं गावाचं नाव पावसानं कधीच धुऊन नेलं होतं. दुसरी मोठ्या सिस्टरनं स्वतः केलेली. लसीकरणाच्या जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर जाड मार्करनं लिहिलं होतं : 'जास्वंदीची फांदी मागू नये. आधी रक्त तपासावे. दहाच्या खाली फांदी नाही.'

नोकरीवर हजर व्हायला आले त्या दिवशी ही पाटी वाचून मी जीपवाल्याला विचारलं, "हेच ना उपकेंद्र?" तो म्हणाला, "हेच. आत जपून जावा, झाडांना धक्का लावू नका," आणि गाडी वळवून डोळखांबच्या दिशेनं निघूनही गेला.

अंगणात एक बाई पाठमोरी उकिडवी बसली होती. निळ्या काठाची पांढरी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात जास्वंदीचं पान. भर दुपारी बॅटरीच्या उजेडात ती पानाची मागची बाजू तपासत होती.

"नमस्कार सिस्टर. मी नवीन..."

"पायाखाली बघ. तिथं चार फांद्या लावल्यात." तिनं मान वळवली नाही. "आत जाऊन बस. तुझं रक्त बघायचंय."

माझं हिमोग्लोबिन नऊ पॉइंट सहा निघालं. सिस्टरनं ते यंत्रावर वाचलं, मग माझ्याकडे असं पाहिलं की मुरबाडहून आणलेला माझा सगळा आत्मविश्वास बॅगेत परत गेला. "नर्स आहेस. आणि नऊ पॉइंट सहा. तुझ्याकडं कोण बघून गोळ्या घेणार?" तिनं लोहाच्या गोळ्यांचं पाकीट माझ्या हातावर ठेवलं आणि वर म्हणाली, "आणि फांदी मागू नको."

मला फांदी नकोच होती. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

त्या दिवसापासून ती 'मोठी सिस्टर' आणि मी 'धाकटी'. दोघींची नावं कागदावरच राहिली.

उपकेंद्राला सरकारनं एक खाट मंजूर केली होती. सिस्टर म्हणायची, "माझं अकरा खाटांचं आहे." अकरा जास्वंदी होत्या. फाटकापाशी साधी तांबडी, पाच पाकळ्यांची. तिच्यापुढे दुहेरी गुलाबी, मग पिवळी लाल गळ्याची, पांढरी, झुंबरासारखी खाली लोंबणारी, आणि विहिरीच्या बाजूला मिरची जास्वंद, जी कधी उमलतच नाही, मिटूनच लाल होते. ती उमलत नाही म्हणून सिस्टरचा तिच्यावर विशेष जीव. "लाजरी आहे. तिला कशाला त्रास द्यायचा?"

प्रत्येक झाडाचा केसपेपर होता. खरोखरचा, आमच्या बाह्यरुग्ण विभागाचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुंध्याला दोऱ्यानं बांधलेला. 'पांढरी. तक्रार : पानं पिवळी. कारण : पाणी जास्त (धाकटीनं घातलं). उपचार : चार दिवस उपास.' माझं नाव त्या कागदांवर बरंच यायचं, आणि बहुतेक वेळा 'कारण' ह्या रकान्यात.

पाण्याच्या बाबतीत तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "भसाभसा पाणी आणि भसाभसा माया, दोन्हीनं मुळं कुजतात." हे ती मला सांगायची, तसंच सुनेला माहेरी पाठवायला तयार नसलेल्या सासवांनाही सांगायची. सासवांना त्यातलं पाण्याचं तेवढं पटायचं.

शनिवारी तिचे यजमान यायचे. ते भातसानगरच्या धरणावर नोकरीला होते, तिथंच कॉलनीत राहायचे. अतिशय शांत गृहस्थ. मोटरसायकलच्या मागे वाळल्या शेणखताचं पोतं बांधलेलं असायचं. ते पोतं उतरवायचे, सिस्टर त्यात हात घालून मूठभर खत नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "हे चांगलं कुजलंय." मग ते हसायचे. त्या दोघांचा संसार मी तीन वर्षं जवळून पाहिला. त्यात खतापलीकडचं बोलणं फारसं माझ्या कानावर पडलं नाही. पण एका शनिवारी ते आले नाहीत, धरणाचे दरवाजे उघडायचे होते म्हणून. तेव्हा सिस्टर दिवसभर झाडांवर खेकसत होती.

आता त्या पाटीबद्दल. आसपासच्या पाड्यांतल्या बायकांना जास्वंदीचं वेड लागलं होतं ते सिस्टरमुळेच. तपासणीला आलेली बाई अंगणातून जाताना त्या दुहेरी गुलाबीपाशी थबकायचीच. मग हळूच म्हणायची, "सिस्टर, येक फांदी द्याल?" आणि सिस्टर तिला आत नेऊन बोटाला सुई टोचायची.

"सात पॉइंट आठ. नाय मिळणार."

"का पण?"

"अंगात रक्त नाय, तू पाणी कुठनं ओढणार? विहीर किती लांब तुमची? माझी फांदी तुझ्या दारात तहानेनं मरंल. गोळ्या खा, पालेभाजी खा, नाचणीची भाकर खा. दहा झालं की ये."

बाई गोळ्या घेऊन जायची. तोंड बिघडतं, मळमळतं, संडास काळी होते, सगळ्या तक्रारी करायची. आणि दोन महिन्यांनी येऊन बोट पुढं करायची. सिस्टर आकडा वाचेपर्यंत ती यंत्राकडे अशी बघायची की मला माझा बारावीचा निकाल आठवायचा.

लबाड्याही व्हायच्या. एका बाईचं रक्त काही केल्या वाढेना. सिस्टर तिच्या घरी गेली, ओटीवर बसली आणि अंगणातल्या कोंबडीकडे बघत सहज म्हणाली, "काय गो, ही कोंबडी एवढी तांबडी कशी दिसते?"

ती बाई एकदम ओरडली, "मी नाय गोल्या घातल्या तिला!"

गोळ्यांचं नाव सिस्टरनं काढलंच नव्हतं.

दहाच्या वर गेलेल्या बाईला मात्र फांदी मोठ्या इतमामानं मिळायची. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर, खालच्या डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली तिरका काप, पानं वरची दोनच ठेवायची. सिस्टर ती ओल्या कापसात गुंडाळून द्यायची आणि सूचना द्यायची त्या बाळंतिणीला घरी पाठवताना देतो तशाच : उन्हात ठेवू नको, सारखी उपटून बघू नको, महिनाभर धीर धर. आणि शेळीपासून जप. "शेळी म्हणजे जास्वंदीची सासू. वर आलेलं काही तिला बघवत नाही."

आमच्या उपकेंद्राचे आकडे चांगले यायला लागले. पोटुशा बायकांची नोंदणी वेळेवर, रक्त वाढलेलं, तपासण्या पूर्ण. जिल्ह्याहून एक मोठे साहेब पाहणीला आले. मी रात्रंदिवस खपून रंगीत तक्ता केला होता; त्यात 'लोकसहभागातून रक्तक्षय निर्मूलन' असं मथळ्याला लिहिलं होतं आणि कोपऱ्यात जास्वंदीचं चित्रही काढलं होतं. साहेब खूश. म्हणाले, "सिस्टर, ही कल्पना सुचली कशी तुम्हाला? फुलाच्या मोहानं बायकांना तपासणीकडे आणायचं, वा!"

सिस्टरनं माझ्या तक्त्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "कसली कल्पना? मला फांद्या द्यायच्या नसतात. झाड बोडकं होतं. म्हणून आकडा ठेवलाय."

साहेबांना वाटलं, ही विनयानं बोलतेय. मला चांगलं माहीत होतं की ती अक्षरशः खरं बोलतेय. ह्या बाईनं सगळ्या पंचक्रोशीचं रक्त वाढवलं होतं ते निव्वळ चिक्कूपणानं.

निघताना साहेबांनी पिवळीपाशी उभं राहून मंडळींसाठी एक फांदी मागितली.

"मॅडमचं हिमोग्लोबिन किती?" सिस्टरनं विचारलं.

साहेब हसले. सिस्टर हसली नाही. शेवटी त्यांनी गाडीपाशी जाऊन, जिथं रेंजची एक काडी यायची तिथं उभं राहून घरी फोन लावला. जरा वेळानं खालच्या आवाजात म्हणाले, "नऊ पॉइंट दोन. मागच्या महिन्यातलं."

"मग नाय जमायचं," सिस्टर म्हणाली आणि गोळ्यांचं एक पाकीट त्यांच्या हातावर ठेवलं. साहेब ते खिशात घालून गेले.

हे सगळं सांगितलं ते अशासाठी की सुरेखाचं प्रकरण समजावं.

सुरेखा वरच्या पाड्यावरची, वीस-एकवीस वर्षांची. बारीक चणीची, बोलायला फटकळ. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्या वेळी तिला शहापूरला नेलं होतं, आणि ती रिकाम्या हातानं परत आली होती. त्यानंतर तिनं ठरवलं होतं की त्या रस्त्यानं पुन्हा जायचं नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या पाड्याला मात्र ते माहीत होतं.

पावसाच्या सुरुवातीला ती फांदी मागायला आली तेव्हा तिचं हिमोग्लोबिन सात पॉइंट सहा होतं. भादव्याच्या शेवटी दहा पॉइंट एक झालं. यंत्रावरचा आकडा तिनं स्वतः वाचला, पुन्हा वाचला, आणि साध्या तांबडीची फांदी घेऊन गेली. त्याच वेळी तिला दिवस गेलेले कळले. बायका तिला चिडवायच्या, "दोगांचा टाइम येकच गो, बगू कोन पयला येतंय."

दिवाळीनंतर पाडा निम्मा रिकामा झाला. माणसं कुटुंब घेऊन वीटभट्टीवर गेली. सुरेखाचा नवराही गेला. ती गेली नाही. झाडाला पाणी कोण घालणार, म्हणून. तिनं करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं, तांदूळ धुतलेलं पाणी ती झाडालाच घालायची. ती राहिली म्हणून तिच्या तपासण्या चुकल्या नाहीत, आणि सिस्टर मनातून खूश होती. वरून फक्त म्हणाली, "झाड कळतं तिला."

एप्रिल संपत आला. सुरेखाला नववा लागलेला. आशाताईनं निरोप दिला की सुरेखाचे पाय सुजलेत आणि डोकं दुखतंय. आम्ही दोघी सकाळीच चढून गेलो. सिस्टरनं बीपी घेतलं. पुन्हा घेतलं. मग माझ्या हातात यंत्र दिलं, "तू घे." दीडशे-शंभर. मला आकडा सांगावाही लागला नाही, तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. रुग्णवाहिकेला फोन करायला आशाताईला टेकडीवर पिटाळलं.

"सुरेखा, आत्ता शहापूरला जायचं."

"मना नाय जायाचा."

"बीपी वाढलंय. घरी ठेवता येणार नाही."

"कल्या आल्यात," सुरेखा म्हणाली. "पाच. येक तर आज-उद्याला फुटंल. पानी कोन घालंल? सासूला दिसत नाय, ती शेल्या सोडंल."

मी पुढं सरसावले. मला समुपदेशनाचं प्रशिक्षण झालेलं होतं, पिशवीत चित्रांची पुस्तिका होती. मी एकेक पान उलटून तिला धोक्याची लक्षणं समजावली. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "चित्रं चांगली हायत. पन मी नाय येत."

सासू दारातून म्हणाली, "मागच्याला नेलाव, काय झाला? हितंच होऊ द्या जे व्हायाचा ते."

सिस्टर उठली, बाहेर गेली. दाराशी ती जास्वंद होती, कमरेएवढी, तकतकीत, शेंड्यांना पाच कळ्या. सिस्टर तिच्याभोवती एक फेरी मारून आली. मी तोवर तिच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं : उन्हाळ्यात कळीवरचं झाड हलवायचं नाही, कधीही नाही, आईबापानं सांगितलं तरी नाही.

ती आत डोकावून म्हणाली, "पहार आहे का?"

"कशाला?" सुरेखानं विचारलं.

"तू शहापूरला अॅडमिट. ही माझ्याकडं अॅडमिट. मग तर जाशील?"

सुरेखा तिच्याकडे बघत राहिली. "मरनार तर नाय?"

"माझ्याकडं आजवर एक तरी मेलंय?" सिस्टर म्हणाली.

तिनं स्वतः खणलं. वीतभर लांबून, गोल, मातीचा गड्डा तुटू न देता. पदरानं घाम पुसत, कुणाला हात लावू न देता. गड्डा ओल्या गोणपाटात बांधला, घमेल्यात ठेवला. पाड्यावर राहिलेल्या चौघा म्हाताऱ्यांनी घोंगडीची डोली केली. त्यांच्यातल्या सर्वांत तरुणाला नातवंडं होती. पुढं डोलीत सुरेखा, मागं डोक्यावर घमेलं घेतलेली सिस्टर, आणि सुरेखा डोलीतून मान उंचावून सारखी मागं बघणारी. "सिस्टर, हलू! दगड हाय म्होरं!" मी रक्तदाबाच्या रुग्णाला विनवत होते, की बाई, तू पडून राहा.

गाडी उपकेंद्रापाशी येऊन थांबली होती. गाडीबरोबरच्या डॉक्टरांनी डोली बघितली, घमेलं बघितलं. "पेशंट कोण?"

"दोन आहेत," सिस्टर म्हणाली. "ही तुमची."

पण सुरेखा गाडीत चढेना. झाड कुठं ठेवणार ते आधी बघायचं होतं. सिस्टरनं विहिरीच्या सावलीत जागा केली, आणि डॉक्टर घड्याळ बघत असताना सुरेखासमोर केसपेपर लिहिला : 'सुरेखाची तांबडी. वय सात महिने. कळ्या पाच. प्रकृती स्थिर.' खाली नातेवाइकाची सही घेतली. सुरेखानं एकेक अक्षर जोडून आपलं नाव लिहिलं. मग ती गाडीत बसली. सिस्टरही तिच्याबरोबर चढली आणि खिडकीतून मला म्हणाली, "धाकटे, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी. ऊन लागू देऊ नको."

त्या संध्याकाळी पहिली कळी गळली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी, दुपारपर्यंत तिसरी. पानं मान टाकायला लागली. मी त्या झाडापाशी खुर्ची टाकून बसले होते. सिस्टरचा फोन आला.

"बीपी अजून खाली येत नाहीये. ती सारखी विचारतेय. कळ्या किती?"

मी झाडाकडे बघितलं. "पाच," मी म्हटलं.

फोनवरच मला तिचा आवाज ऐकू आला, सुरेखाला सांगताना : "पाच आहेत गो. धाकटी बघतेय. आता डोळे मीट."

तिसऱ्या दिवशी सुरेखाला मुलगी झाली. अडीच किलो, रडणारी, धडधाकट. पुढे दोन दिवसांत बीपीही उतरलं. मला फोनवर हे कळलं तेव्हा मी आनंदानं रडले, आणि मग झाडाकडे बघून पुन्हा रडायच्या बेतात आले. कळी एकही नव्हती. पानं दोन, तीही सुरकुतलेली. बाकी नुसती काठी.

सिस्टर परत आली तेव्हा अंगणात येताच थांबली. झाडापाशी बसली, गळलेल्या कळ्या मी एका पानावर ठेवल्या होत्या त्या मोजल्या.

"तू मला पाच सांगितल्या."

"तुम्ही तिला सांगितल्या," मी म्हटलं.

"हो. सांगितल्या." तिनं कळ्या परत पानावर ठेवल्या. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं, धाकटे. खणतानाच ठाऊक होतं. एप्रिलात कळीवरचं झाड हलवलं की जातं. तिनं विचारलं, मरणार तर नाय, तेव्हा मी काय म्हणाले?"

"पण सिस्टर, बाळ वाचलं. तीसुद्धा वाचली."

"ते आपलं कामच आहे. झाड तिनं माझ्या भरवशावर दिलं होतं."

मला एक युक्ती सुचली होती. फाटकापाशी तांबडीला भरपूर फुलं होती. दोन-तीन कळ्या दोऱ्यानं... माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सिस्टरनं माझ्याकडे असं बघितलं की दोरा माझ्या हातातून गळून पडला.

आठव्या दिवशी सुरेखा आली. वीटभट्टीवरून आलेला नवरा बाळाला धरून मागं, सासू काठी टेकत त्याच्या मागं. सुरेखा बाळ दाखवायला थांबली नाही, सरळ विहिरीकडे गेली. झाडासमोर उभी राहिली. लसीकरणाचा दिवस होता, अंगणात पंधरा-वीस बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

"ह्यो काय केलाव?" सुरेखा म्हणाली.

सिस्टर उभी राहिली. तिच्यापुढे भले भले डॉक्टर चाचरायचे; ती आता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मी पोर नीट आनली," सुरेखा म्हणाली. तिचा आवाज चढायला लागला. "नऊ महिने सांबालली. तुमाला आठ दिस येक झाड नाय सांबालता आला? सिस्टर म्हनं! सगल्या दुनयेला सांगतंस, पानी असा घाला, शेली बांदा! आनि पाच कल्या हायत म्हनून सांगितलाव मना!"

"चुकलं माझं," सिस्टर म्हणाली.

हे शब्द त्या अंगणात कुणी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. एक बाई फस्सकन हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

सिस्टर खाली बसली. अंगठ्याच्या नखानं तिनं बुंध्याजवळची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. अगदी फिकट, पण हिरवं. "जीव आहे," ती म्हणाली. सुरेखाचा विश्वास बसला नाही. तिनं वाकून स्वतःच्या नखानं जरा वर खरवडलं. तिथंही हिरवं. ती तशीच वाकून बघत राहिली. मग सरळ होत म्हणाली, "मंग आता घरी नाय न्यायाची. ऱ्हाऊ दे हितंच. मी दर बुधवारी येनार बगायला."

आणि खरंच यायची. बाळाला पाठुंगळी बांधून, उन्हातान्हाची दोन डोंगर उतरून. आधी झाड बघायची, मग बाळाला आमच्याकडे द्यायची. बुधवार उजाडला की मोठ्या सिस्टरला सकाळपासून घोर लागायचा. झाडाभोवतीची माती साफ कर, शेंडा किती फुटला ते पट्टीनं मोज, मला विचार, "कालच्यापेक्षा बरं दिसतंय ना ग?" सुरेखा केसपेपर वाचायला शिकली होती. एका बुधवारी तिनं 'प्रकृती सुधारत आहे' ह्यावर बोट ठेवून विचारलं, "कशावरनं?" सिस्टरनं तिला तीन नवी पानं मोजून दाखवली.

पावसाळाभर हे चाललं. नवरात्राच्या आसपास सुरेखानं झाड घरी नेलं, ते नवऱ्याच्या खांद्यावरून. सिस्टर फाटकापर्यंत सोडायला गेली. मला वाटलं, आता तिला हायसं वाटेल. पुढच्या बुधवारी ती दुपारपर्यंत तीनदा फाटकाशी जाऊन आली.

त्यानंतर वर्षभरानं ती निवृत्त झाली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता. शाल, नारळ, खुर्च्या, माईक. जिल्ह्याचे तेच साहेब मुद्दाम आले होते, ह्या वेळी मॅडमना घेऊन. सेवाभाव, समर्पण, त्याग, असे बरेच मोठे शब्द झाले. मोठी सिस्टर खुर्चीत ताठ बसून चक्क पेंगत होती. मी दोनदा तिला कोपरानं ढोसलं.

सूत्रसंचालकानं विचारलं, "ग्रामस्थांपैकी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" कुणी उठेना. मग मागून सुरेखा उठली, पोरीला कडेवर घेऊन माईकपाशी आली. माईक खूप उंच होता. तिनं तो खाली ओढला तेव्हा मोठा आवाज झाला आणि सिस्टर जागी झाली.

"सिस्टरनं माझा झाड मारलाच व्हता," सुरेखा म्हणाली. "मंग परत जगवला. येवढाच."

आणि ती खाली जाऊन बसली.

सभागृहात खसखस पिकली. साहेब रुमालानं तोंड झाकून हसले, मॅडमही हसल्या. मोठी सिस्टर मात्र खुर्चीत पुढं सरकून बसली होती. तिनं डोळे पुसले आणि शेजारच्या साहेबांच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवर बोट आपटून म्हणाली, "हे लिहून घ्या. एवढं एकच खरं बोलली कुणीतरी."